चार ते सहा

मूल कुणाच्या खांद्यावर लवकर झोपतं यावरून आईपण मोजत नाहीत, हे दिव्यश्रीला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. दहा महिन्यांचं तिचं पोर तिच्या मांडीवर तासभर हातपाय झाडायचं, तिचे केस ओढायचं, पाळण्याच्या दांडीला लाथा मारायचं. कौशल्याक्कांनी उचललं की मात्र पाच मिनिटांत मान टाकायचं. तेही पाळण्यात नाही, गादीवर नाही, तर खाली गॅरेजमध्ये, सासऱ्यांच्या जुन्या मोटारीच्या मागच्या सीटवर.

कौशल्याक्का म्हणजे विराजची थोरली बहीण. विराज सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा अक्का एकोणीस वर्षांच्या होत्या. भावाला वाढवता वाढवता त्यांचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता बेंगळुरात, हनुमंतनगरातल्या या घरात वरच्या मजल्यावर त्या राहायच्या, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या भाच्यात जीव गुंतवून बसायच्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पा जयसिंगरावांनी, ती मोटार तीस वर्षं भाड्याने चालवली होती. बारा वर्षं झाली, ती गॅरेजमधून हललेली नाही. तरी दर शुक्रवारी अक्का तिला ओल्या फडक्याने पुसत. शटरच्या पितळी कुलपाची किल्ली कायम त्यांच्याच कमरेला.

दिव्यश्री निपाणीची. या घराण्याची मराठी तिला लग्नानंतर सहा महिने कळतच नव्हती. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी सरी' म्हणजे बरं बरं, मध्येच एखादं अख्खं वाक्य कन्नडमध्ये. निपाणीत कन्नड कानावर पडायचंच, पण या भावाबहिणींचं बोलणं म्हणजे दोघांच्यातच चालणारं नाणं होतं. ती ताटं वाढत उभी असायची आणि ते दोघं कशाला तरी खोखो हसत असायचे.

पण खरी सल बारशाची. तिने मनात नाव ठरवलं होतं, ईशान. विराजला सांगितलंही होतं. विराजने अक्काला सांगायचं होतं. त्याने सांगितलं नाही, विसरला की घाबरला देव जाणे. बारशाच्या दिवशी आत्याने वाकून पाळण्यातल्या बाळाच्या कानात कुर्र केलं आणि पणजोबांचं नाव ठेवलं: फत्तेसिंग. बायकांनी अक्कांच्या पाठीवर थापा मारल्या. दिव्यश्री हसली, घुगऱ्या वाटल्या. पण त्या दिवसापासून ते नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. बाळ, सोन्या, राजा, माकड. फत्ते म्हणून हाक मारायचे ते बाकीचे.

असं सगळं असताना गल्लीतून दोन आठवड्यांत दोन स्कूटर चोरीला गेल्या. एक तर फाटकाचं कुलूप कापून.

"अक्काचं ते पितळी कुलूप बघून चोर हसत असतील," विराज जेवताना म्हणाला. "गॅरेजला काहीतरी स्मार्ट बसवून टाकू. दिव्या, तूच बघ गं. मला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसातून घरी येईपर्यंत डोकं उरत नाही."

"मी बघू?"

"मग कोण? अक्का बघेल?"

दोघं भावंडं हसली. या खेपेस दिव्यश्रीही हसली, आणि मनापासून. या घरातल्या एका दाराचा निर्णय तिच्या हाती आला होता.

ती अभ्यासाला लागली. दुपारी एक ते तीन. बाळ खाली अक्कांकडे झोपलेलं असायचं, तेवढाच काय तो मोकळा वेळ. ज्या वेळेचा तिला राग होता, त्याच वेळेत ती फोनवर शटरच्या मोटारी, रिमोट, आकडे दाबायची कुलपं, बोटाच्या ठशाची कुलपं, लोकांच्या तक्रारी वाचत बसायची. रिमोटचा सिग्नल चोरता येतो, म्हणून रिमोट बाद. आकड्यांचं कुलूप चांगलं, पण आकडा एकाला सांगितला की तो चौघांचा होतो. म्हणून तेही बाद.

पहिला आला कॅमेरा. स्वस्त होता, विराजने रविवारी स्टुलावर चढून गॅरेजच्या कोपऱ्यात लावून टाकला. आणि तिथूनच बिघडलं.

सोमवारी दुपारी स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून तिने सहज फोन उघडला. गॅरेज दिसलं, मोटार दिसली, मागच्या उघड्या दारातून अक्कांचे पाय दिसले. आवाज मोठा केला.

"...मग तो गिऱ्हाईक म्हणतो, जयसिंगराव, चिकपेटेत गाडी घाला. तुझे आजोबा म्हणाले, चिकपेटेत गाडी घालणं म्हणजे सुईच्या नेढ्यात हत्ती घालणं, उतरा नि चाला..."

बाळ हुंकार देत होतं. खरंखुरं, गोष्ट ऐकणाऱ्यासारखं. अक्कांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत होता. मग हुंकार विरळ झाले आणि थांबले. अक्कांनी मान वाकवून त्याच्या मानेच्या खळग्यात नाक खुपसलं आणि दीर्घ श्वास घेतला.

दिव्यश्रीने फोन पालथा घातला. तो खळगा तिचा होता. दूध, पावडर आणि घामाचा तो आंबूस वास जगात फक्त तिला ठाऊक आहे, असं तिला आजवर वाटत होतं.

मंगळवारी तिने पुन्हा बघितलं. बुधवारीही. दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसं.

गुरुवारी बाळाला कडेवर घेऊन ती एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात गेली. एका अरुंद दुकानात नागराज नावाचा चष्मेवाला माणूस वायरींच्या भेंडोळ्यात बसला होता. तिने जे जे वाचलं होतं ते भडाभडा विचारलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मेडम, तुम्ही माझ्या दुकानात नोकरीला या."

"चेष्टा नको हो. बोटाच्या ठशाचंच दाखवा."

त्याने दाखवलं. तळहाताएवढं काळं यंत्र, मध्ये काचेचा ठिपका. "वीस माणसांची बोटं ठेवतं. ॲपमध्ये प्रत्येकाची वेळ ठरवायची. कामवालीला सकाळी आठ ते नऊ, ड्रायव्हरला अमुक ते अमुक. वेळेबाहेर आला तर दार उघडत नाही."

"कुणालाही वेळ ठरवता येते?"

"कुणालाही. ॲपचा मालक सोडून."

"मालक कोण?"

"ज्याच्या फोनवर ॲप, तो."

दिव्यश्रीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "हेच द्या."

"स्वल्प ऐका. शटर आपोआप बंद व्हायचं ठेवणार?"

"हो, पाच मिनिटांत. आमच्याकडे अर्धं उघडं टाकून जायची सवय आहे एकेकाला."

"मग हा डोळा घ्यायलाच पाहिजे." त्याने दोन छोट्या डब्या समोर ठेवल्या. "दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर उंच. मध्ये काही असलं, मांजर, मूल, चप्पल, काहीही, तर शटर खाली येत नाही. घरात हा आहे ना?" त्याने बाळाच्या नाकावर बोट टेकवलं. बाळाने ते बोट तोंडात घालायचा प्रयत्न केला. "आणि या दोन किल्ल्या. करंट गेला, यंत्र रुसलं, तर बाहेरून उघडायला. एक घरात ठेवा, एक शेजारी द्या. दोन्ही एका जागी ठेवू नका, मेडम. सगळे तीच चूक करतात."

दोन्ही किल्ल्या तिने पर्सच्या एकाच कप्प्यात टाकल्या. शेजारी म्हणजे वरचा मजला, आणि किल्ली वरच्या मजल्यावर द्यायची तर एवढा खटाटोप कशाला?

आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी दुकानातला माणूस येऊन डोळ्यासकट सगळं बसवून गेला. पितळी कुलूप निघालं. अक्कांनी ते पदराने पुसून हातात धरलं, कुठे ठेवावं ते न कळल्यासारखं.

"अक्का, बोट ठेवा इथे."

"कुठलं?"

"कुठलंही. अंगठा ठेवा."

अक्कांनी अंगठा ठेवला. यंत्रातल्या बाईने इंग्रजीत सांगितलं, पुन्हा ठेवा. त्यांनी पुन्हा ठेवला, तिसऱ्यांदा ठेवला. "शाळेत नाव घालतात तसंच की गं," त्या कौतुकाने म्हणाल्या. विराजचा अंगठा झाला. दिव्यश्रीने स्वतःचा उजवा अंगठा घातला. डाव्या हाताचाही घाला असं तो माणूस सांगत होता, तेवढ्यात आतून बाळ रडलं, म्हणून ते राहिलं.

मग बाळाला पाजता पाजता, एका हाताने, तिने ॲप उघडलं. कौशल्या. वेळ ठरवा. एक ते तीन ही बाळाच्या झोपेची वेळ. ती नाही. सकाळ नाही. तिने आकडे फिरवले आणि थांबवले: चार ते सहा, रोज. चार वाजता बाळ जागं असतं, खेळतं, कुणाकडेही जातं. झोपेल ते इथे, या मांडीवर. पाच मिनिटांत नाही तर दोन तासांत, पण इथेच.

जतन, असं लिहून आलं. तिचे कान गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. बेंगळुरात या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना हार चढतात, रस्तोरस्ती कोहळे फुटतात. या घरात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. जयसिंगराव गेले तरी मोटारीची पूजा एक वर्ष चुकली नव्हती. सकाळी विराजने अंगठा टेकवून शटर उघडलं आणि आत भिंतीवरचं बटण दाबून उघडंच ठेवलं. अक्कांनी बॉनेटवर पाट मांडला. पान्हे, कात्री, शिलाईची टेप, विराजचा लॅपटॉप.

"फोन आणा सगळ्यांचे. ज्यानं घर चालतं ते सगळं पाटावर. आणि आज ठेवलं की उद्या दसऱ्याला सकाळीच उचलायचं. अप्पांचा नियम."

"अक्का, ऑफिसचा फोन आला तर?"

"ऑफिसात पण पूजाच चाललीय रे."

तीन फोन पाटावर गेले. "नव्या यंत्राच्या किल्ल्या आहेत ना? त्या पण." दिव्यश्रीने पर्समधून दोन्ही किल्ल्या काढून ठेवल्या. अक्का गंधाची वाटी घेऊन फिरू लागल्या. मोटारीला, विराजच्या बाइकला, मशीनच्या कात्रीला गंध, हळद, कुंकू. मग स्टुलावर चढून कॅमेऱ्याच्या काचेवर एक ठसठशीत बोट. "डोळा आहे ना, त्याला पण." आणि बाहेर येऊन अंगठ्याच्या यंत्रावर, बरोब्बर मधल्या ठिपक्यावर, तीन बोटं ओलं गंध आणि वर चिमूटभर कुंकू.

दिव्यश्री सकाळपासून पाण्यात आणि हळदीत होती. पुऱ्या लाटून, लिंबं कापून तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. बारा वाजता बाळ किरकिरायला लागलं, तिने खांद्यावर घेतलं, झुलवलं, काही उपयोग नाही. अक्कांनी हात पुढे केले. दिव्यश्रीने दिलं, देताना ओठ दाबले. पाच मिनिटांत बाळ मोटारीच्या मागच्या सीटवर गाढ.

"पाळण्यात ठेवते मी," ती म्हणाली.

"झोपू दे गं. दार उघडं आहे, वारा येतोय. हलवलंस तर उठेल."

विराज आत भिंतीवरचं बटण पुन्हा दाबून बाहेर आला. "आता ऑटोवर आहे बरं का," असं काहीतरी तो बोलला. रस्त्यावर ढोल वाजत होता, कुणाला ऐकू गेलं नाही. बाइकच्या चाकाखाली लिंबं ठेवली होती, ती चिरडत तो देवळाची फेरी मारायला निघून गेला. दिव्यश्री आणि अक्कांनी कोहळा फाटकाबाहेर नेला. अक्कांनी तो ओवाळून रस्त्यावर फोडला. लाल कुंकू, पांढरा गर. शेजारच्या श्रीविद्याला कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचा, प्रसाद दिला, दोन शब्द बोलणं झालं, आणि मागे घर्रर्र आवाज आला.

दोघी वळल्या तेव्हा शटर जमिनीला टेकलं होतं.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. "आत फत्ते आहे."

दिव्यश्री धावली. गंध वाळून ठिपक्यावर पापुद्रा झाला होता. तिने पदराने खरवडलं, थुंकी लावून पुसलं, अंगठा टेकवला. लाल दिवा. पुन्हा लाल. हळदीने माखलेला, सुरकुतलेला अंगठा तिचा स्वतःचा असूनही यंत्राला ओळखू येत नव्हता. तिसऱ्यांदा लाल. आतून एक बारीक, झोपेतून उठल्याचा आवाज आला.

"किल्ली?"

"पाटावर."

"फोन?"

"पाटावर, अक्का, सगळं पाटावर!"

"हो बाजूला." अक्कांनी अंगठा लुगड्याला पुसला आणि टेकवला.

दिव्यश्री म्हणणार होती, थांबा. म्हणाली नाही. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "वेलकम, कौशल्या." आणि लगेच पुढे, त्याच गोडव्याने, "नॉट अलाउड ॲट धिस टाइम."

अक्कांनी अंगठा उचलला नाही. "काय म्हणाली ती?"

आत रडणं सुरू झालं होतं.

"दिव्या, इंग्लिश मला कळतं थोडं. नावाने हाक मारली, ओळखलं. आणि आत सोडलं नाही. असं का गं?"

दिव्यश्रीला खोटं बोलायला जागा होती. यंत्र नवं आहे, बिघडलं असेल, असं म्हणता आलं असतं. पण आतल्या रडण्याने तिच्या अंगातलं सगळं खोटं पिळून काढलं होतं.

"मी ठेवलं तसं. तुमची वेळ चार ते सहा."

"चार ते सहा."

"हो."

अक्कांनी अंगठा उचलला. दिव्यश्रीने भांबावून पुन्हा दोनदा अंगठा दाबला. पाचव्या खेपेला यंत्राने लांब शिट्टी दिली: चुकीचे प्रयत्न फार झाले, तीन मिनिटं थांबा.

तीन मिनिटं. दिव्यश्री गुडघ्यावर बसली, शटरच्या पत्र्याला तोंड लावलं. "बाळा, सोन्या, मी आहे इथे, आई आहे रे!" रडणं दुप्पट झालं. आता त्यात हुंदके होते.

"ऐकलंत?" ती कळवळून म्हणाली. "माझा आवाज ऐकला की असा. तुमचा ऐकला की गप्प होतो. बोला तुम्ही. तुम्हीच बोला."

अक्का तिच्या शेजारी खाली बसल्या. गुडघे मोडेपर्यंत वेळ लागला. "वेडी आहेस. ज्याच्याकडे जायचंय त्याच्या आवाजानेच पोर रडतं. माझ्यासाठी कशाला रडेल? मी म्हणजे मोटारीची सीट. मऊ आहे, झोप लागते." मग म्हणाल्या, "दहा महिने वाट बघते आहे, एकदा तरी तू दिसल्यावर करतो तसा हंबरडा माझ्यासाठी फोडील म्हणून. नाही फोडत."

दिव्यश्रीने त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त एक ओळखीचा हेवा होता, जो ती रोज दुपारी फोनच्या काळ्या काचेत स्वतःच्या चेहऱ्यावर बघत होती.

अक्कांनी पत्र्यावर बोटांनी ठोकलं. "फत्तेसिंगराव! तुझे आजोबा एकदा शिवाजीनगरच्या बसस्टँडवर गाडीतच अडकले होते, माहीत आहे?" आत रडणं अडखळलं. "दाराची कडी तुटली. गिऱ्हाईक बाहेर, आजोबा आत..."

बोलता बोलता त्यांनी दिव्यश्रीचा उजवा हात ओढून घेतला. लुगड्याच्या कोरड्या टोकाने अंगठा पुसला, नखाच्या कडेची हळद घासून काढली, पुन्हा पुसला. मग तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली, लहान मुलाच्या खरचटल्यावर घालतात तशी, पुन्हा पुन्हा. गोष्ट चालूच होती. आजोबांनी खिडकीतून उडी मारली. केळेवालीच्या पाटीत पडले.

यंत्राचा लाल दिवा विझला.

"ऊठ." अक्कांनी तिचा अंगठा धरला आणि ठिपक्यावर स्वतः टेकवला. जोरात नाही, अलगद, सगळा अंगठा सपाट बसेल असा. "असा ठेवायचा असतो. काल शिकले मी."

हिरवा दिवा. घर्रर्र.

शटर कमरेएवढं वर येण्याआधीच दिव्यश्री खालून आत शिरली. बाळ सीटवर बसलं होतं, नाक गळत होतं, एका मुठीत सीटचा फाटका रेक्झिन. तिला बघून त्याने असा हंबरडा फोडला की रस्त्यावरची श्रीविद्यासुद्धा धावत आली. तिने त्याला उचललं, मानेच्या खळग्यात नाक खुपसलं. तोच वास. त्यात आज थोडं गंधही.

दाराबाहेर अक्का उभ्या होत्या. आत आल्या नव्हत्या.

"या ना आत."

"वेळ झाली नाही माझी," अक्का म्हणाल्या. आवाजात चेष्टा होती, आणि चेष्टेखाली दुसरं काहीतरी होतं. दोघींनाही ते ऐकू आलं.

"अक्का, मी आत्ता बदलते. फोन..."

"पाटावरचं आज उचलायचं नाही."

"मग किल्ली तरी घ्या. एक तुमच्याकडे ठेवा."

"ती पण पाटावरच आहे गं. अप्पांचा नियम. उद्या सकाळी."

बोलता बोलता पाच मिनिटं झाली आणि शटर पुन्हा खाली यायला लागलं. अक्का दचकून मागे सरल्या. दिव्यश्रीने बाळाला सांभाळत एका हाताने स्टूल ओढलं आणि दाराच्या मधोमध ठेवलं. शटर थबकलं, कुरकुरलं, परत वर गेलं.

"मध्ये काही असलं की बंद होत नाही ते," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथे. तुम्ही बसलात की दार उघडं राहतं."

अक्का बसल्या. बसताना पदर सावरला, वाटी मांडीवर घेतली आणि उरलेल्या गंधाचं बोट स्टुलाच्या पायालाही लावलं. दिव्यश्री त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर टेकली. विराज आला तेव्हा दोघींनी त्याला काहीच सांगितलं नाही. दार उघडं का, विचारल्यावर अक्का म्हणाल्या, "हवा येते."

तीन वाजेपर्यंत बाळ काही झोपलं नाही. आईच्या मांडीवर चुळबुळ, लाथा, केस ओढणं. शेवटी दिव्यश्रीने त्याला स्टुलावरच्या अक्कांकडे वर दिलं. अक्कांनी खांद्यावर घेतलं, कुठलीतरी गोष्ट पुटपुटल्या, आणि पाच मिनिटांत मान पडली. दिव्यश्रीचं जुनं दुखणं तिथेच होतं. गेलं नव्हतं. इतक्यात जाणारही नव्हतं, हे तिला कळलं.

"हात अवघडला तर सांगा," ती म्हणाली. "फत्ते जड झालाय आता."

अक्कांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच, बाळ उठू नये म्हणून, म्हणाल्या, "सरी."